महाविद्यालयांचे वार्षिकांक रद्दीत घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालाचे दिवस आले की आपल्या जिल्हा पानावर महाविद्यालयांच्या बातम्या सुरू होतात. अमुक महाविद्यालयाला नॅकचे (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे) 'अ' मानांकन, तमुक महाविद्यालयाचा शंभर टक्के निकाल, कॅम्पस मुलाखतीतून इतक्या विद्यार्थ्यांची निवड. या बातम्या मी आवडीने वाचते. माझी सगळी नोकरी एका तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून झाली. ओळखीच्या आडनावाच्या पोराचा फोटो छापून आला की अजूनही बरे वाटते. पण या बातम्यांत कला शाखेची मुले अभावानेच दिसतात. त्यांनी वर्षभर केलेले लिखाण, बसवलेली नाटके, गावोगावी हिंडून केलेल्या पाहण्या यांची दखल जिथे हमखास घेतली जायची, ती एकच जागा होती : महाविद्यालयाचा वार्षिकांक. तो बंद पडत चालला आहे. जिथे निघत होता तिथले जुने अंकही नाहीसे होत आहेत. त्याविषयी हे पत्र.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका जुन्या महाविद्यालयाचे ग्रंथालय नव्या इमारतीत हलवले गेले. हलवताना फाटकी क्रमिक पुस्तके रद्द झाली आणि त्यांच्याबरोबर वार्षिकांकांचे गठ्ठेही रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढले. तिथल्या एका निवृत्त सेवकाने मला फोन करून सांगितले. मी पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त माल पुढे गेला होता. उरलेले गठ्ठे किलोच्या भावाने सोडवून घरी आणले. पुष्कळ वर्षांचे अंक मधेमधे गायब आहेत.

यात कुणा एकाची बेपर्वाई आहे असे मला वाटत नाही. मूळ कारण ग्रंथालयाच्या कामकाजात आहे आणि ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पुस्तक विकत घेतले की त्याला दाखल क्रमांक पडतो, दाखलनोंदवहीत त्याची एक ओळ होते. ते गहाळ झाले तर लेखापरीक्षणात विचारणा होते. रद्द करायचे तर निर्लेखन समिती बसते, यादी होते, ठराव होतो. वार्षिकांक विकत घेतलेला नसतो, तो घरचाच. छापखान्यातून गठ्ठे येतात, मुलांना वाटले जातात आणि उरलेल्या प्रती कपाटावर, जिन्याखाली, जिमखान्याच्या खोलीत जाऊन पडतात. आले त्याची नोंद नाही, त्यामुळे गेले ते कुणाला कळत नाही. बाहेर कुठे प्रत असावी, तर आत छापलेले असते 'फक्त खासगी वितरणासाठी'. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांत जमा व्हावी लागते. माझ्या पाहण्यातला एकही वार्षिकांक त्या वाटेने गेला नाही.

या अंकांत असते काय, हे सांगायला एकच अंक पुरे आहे. सोडवून आणलेल्यांपैकी १९७८-७९ चा अंक आता माझ्यासमोर आहे. मुखपृष्ठावर बी.ए. भाग दोनच्या विद्यार्थ्याने केलेले लिनोकट, दोन रंगांत. उलटले की फॉर्म नंबर ४, म्हणजे प्रकाशक-संपादकांची माहिती देणारे ठरावीक निवेदन. प्रकाशन काळ : वार्षिक. राष्ट्रीयत्व : भारतीय. खाली प्राचार्यांची सही. मजकूर खिळे जुळवून छापलेला, काही पानांवर अनुस्वार उमटलेलेच नाहीत. मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, थोडेसे संस्कृत, मग अहवाल, आणि मधे गुळगुळीत आर्टपेपरवर छायाचित्रे.

मराठी विभागात वसतिगृहातल्या एका मुलीची कविता आहे, आईच्या हातावरच्या गोंदणावर. कविता सरळ आहे, शेवटच्या दोन ओळी तर कच्च्याच आहेत, पण ती छापताना कुणी तिच्या बोलीला हात लावलेला नाही. तिच्यापुढे अर्थशास्त्राच्या मुलांचा लेख. साखर कारखान्याच्या तळावर जाऊन त्यांनी ऊसतोड कुटुंबांची पाहणी केली आहे. किती कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) आले, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, कोणते मूल कितवीतून शाळा सोडून आई-बापांबरोबर आले. कोष्टके हाताने आखून, ब्लॉक करून छापली आहेत. आज हा विषय विधानसभेत गाजतो, त्यावर समित्या नेमल्या जातात. माझ्या तालुक्यातल्या एका तळावर त्या हंगामात काय परिस्थिती होती हे एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी तेव्हाच लिहून ठेवले आहे, आणि ते दुसऱ्या कुठल्याही कागदावर मला सापडलेले नाही.

आणखी काही पाने पुढे गेले की एक शब्दयादी लागते. विहिरींवर विजेचे पंप बसत होते, बैलांनी पाणी उपसायच्या मोटा बंद पडत होत्या. मराठी विभागाच्या मुलांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून मोटेची परिभाषा जमवली : नाडा, सोंदूर, धाव, थारोळे आणि अशी बरीच. प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या गावात ऐकला ते दिले आहे. एकाच वस्तूला ओढ्याच्या अलीकडे एक नाव आणि पलीकडे दुसरे, हेही नमूद केले आहे. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने करावे असे हे काम आहे, आणि ते बी.ए.च्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत केले.

मग येते गुणवंत विद्यार्थ्यांचे पान. शिवाजी विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आलेली एक मुलगी, विषय संस्कृत. आर्टपेपरवर एकांकिकेच्या संघाचा फोटो. 'बसलेले, डावीकडून' आणि 'उभे, डावीकडून' अशा दोन ओळी, प्रत्येकाचे नाव आणि काम : भूमिका, प्रकाश, नेपथ्य, रंगभूषा, पडदा. सर्वांत शेवटी महाविद्यालयाचे सेवक, त्यांनी सामान वाहिले म्हणून. संस्कृतमध्ये यादीत आलेल्या मुलीचे नाव इथेही आहे, तिने म्हातारीची भूमिका केली होती. आणि तिचेच नाव तिसऱ्यांदा येते एका लेखाखाली, देवळातल्या कीर्तनाबद्दल लिहिलेल्या. अभ्यास, नाटक आणि लेखन या तिन्ही गोष्टी एका मुलीने एका वर्षात केल्या आणि एका अंकात त्या तिन्ही दिसल्या. कला महाविद्यालय कशासाठी असते असे मला कुणी विचारले तर मी हा अंक त्याच्या हातात देईन.

आज अशी मुलगी महाविद्यालयात नाही का? आहे. निवृत्त होईपर्यंत मी तशा मुली पाहिल्या. शेतावरून येऊन एसटीने घरी परतणाऱ्या, वाचनकक्षात डबा खाता खाता संहिता पाठ करणाऱ्या. फरक नोंदीत पडला आहे. नॅकची स्थापना १९९४ ची. तिचे सात निकष आहेत आणि हल्ली महाविद्यालयाचे सगळे कागद त्या निकषांच्या फायलींत जातात. निकालाची टक्केवारी दुसऱ्या निकषात, शोधनिबंध तिसऱ्यात, युवा महोत्सवातली पदके पाचव्यात. एकाच मुलीचे तीन तुकडे तीन फायलींत जातात आणि तिन्हींत ती संख्या म्हणून उरते. कार्यक्रम झाला की पुरावा म्हणून जिओटॅग फोटो लागतो. त्या फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश असतात, तारीख असते, वेळ मिनिटापर्यंत असते. फोटोतली मुले कोण, हे कुठेच नसते.

मी नॅकच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. आमच्या ग्रंथालयाचे संगणकीकरण मूल्यांकनाच्या निमित्ताने झाले, वाचनकक्षाला पंखे त्याच निमित्ताने मिळाले. पण तपासणीसाठी ठेवलेला कागद आणि माणसांसाठी ठेवलेला कागद यांत फरक असतो, आणि दुसऱ्या प्रकारचा कागद ठेवणे आपण सोडून दिले आहे. अनेक ठिकाणी वार्षिकांक आता पीडीएफ होऊन संकेतस्थळावर चढतो. संकेतस्थळ नव्याने केले की जुने दुवे मरतात. काही ठिकाणी तेवढेही होत नाही, फीच्या पावतीत मात्र नियतकालिकाची रक्कम अजून छापलेली असते.

कॉलेजच्या पोरांच्या लिखाणाचे एवढे काय, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी मिलिंद महाविद्यालयाची आठवण ठेवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत हे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या घरात शिकलेला माणूस नव्हता. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या प्रयोगापाशी थांबावेच लागते. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरातून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभे राहिले आणि कितीतरी लेखकांचे पहिले लिखाण त्यात आले. महाविद्यालयातले नाटक, महाविद्यालयाच्या आवारातले नियतकालिक, वर्गातली चर्चा, यांतून एक साहित्यप्रवाह मोठा झाला. आमच्या बाजूला कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, १८८० चे. माधव जूलियन तिथे शिकवत होते, ना. सी. फडके तिथे शिकवत होते, दोघेही एकाच काळात. त्या वर्गांत बसलेल्या मुलांनी काय लिहिले, कशावर वाद घातले, हे आज पाहायचे तर त्या वेळचे महाविद्यालयीन अंकच उघडावे लागतात.

नाटकाचे उदाहरण आणखी ताजे आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. दरवर्षी पावसाळ्यात पुण्याचे भरत नाट्य मंदिर 'आव्वाज कुणाचा'ने दणाणते, आणि आता पुण्याबाहेरच्या केंद्रांवरही ती होते. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही असे ठरवून करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने लिहिले. चांगले झाले, चर्चा झाली. पण जी एकांकिका बक्षीस घेते तिची संहिता दोन वर्षांनी मागून पाहा. झेरॉक्सच्या प्रती हातोहात फिरतात, कुणाच्या तरी सॅकमध्ये राहतात, मोबाइल बदलला की त्यातली फाइल जाते. पूर्वी वार्षिकांकात वर्षातली एक एकांकिका संपूर्ण छापायची पद्धत आमच्याकडे होती. शेजारच्या तालुक्याच्या महाविद्यालयाने आमच्या अंकातून घेऊन एक एकांकिका केल्याचे मला आठवते. मूळ लेखक तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षक झाला होता. तो प्रयोग पाहायला मुलांना घेऊन गेला.

अंक कसा तयार होतो, तेही शिक्षणच आहे. आमच्याकडे संपादक मंडळ ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसायचे, कारण तिथे मोठे टेबल होते. डिसेंबरात साहित्य यायचे, वहीच्या पानांवर, पोस्टकार्डावर, एकदा तर बसच्या वेळापत्रकाच्या पाठीमागे. मराठीचे सर विद्यार्थी संपादकांना म्हणायचे, नाकारायचे असेल तर कारण लिहून द्या, नुसते 'साभार परत' चालणार नाही. मग ती पोरे एका कवितेवर तासतासभर वाद घालायची. प्रुफे आली की दोघांनी मिळून तपासायची, एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने खूण करायची. ज्यांच्या घरात दिनदर्शिकेखेरीज छापील कागद नव्हता, ती मुले ऱ्हस्व-दीर्घ पाहायला, मथळा द्यायला, पान बसत नसेल तर दुसऱ्याच्या वाक्याला न दुखावता चार ओळी काढायला या खोलीत शिकली. त्यांतली दोघे-तिघे पुढे वर्तमानपत्रांत गेली. आपल्या कचेरीतही विचारून पाहा, कॉलेजच्या अंकाचे काम केलेले कुणीतरी निघेल.

आता मुद्द्याचे. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीचा नवा आराखडा आला. त्यात सह-अभ्यासक्रम म्हणून एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग यांच्या जोडीला सांस्कृतिक उपक्रम आणि ललित व प्रयोगीय कलांना श्रेयांक (क्रेडिट) दिले आहेत. तीन वर्षांच्या पदवीत असे आठ श्रेयांक. हा बदल मला मनापासून पटला. इतकी वर्षे नाटकवाल्या पोरांना तालमीसाठी हजेरीची भीक मागावी लागत होती, आता तालीम अभ्यासक्रमात आली. पण बऱ्याच ठिकाणी या श्रेयांकांची वाट सोपी करून टाकली आहे : चार फोटो, दोन पानांचा अहवाल, सही, संपले. माझे म्हणणे आहे की वार्षिकांकाचे संपादन, प्रुफे, मांडणी, मुलाखती, स्थानिक पाहणी या कामांना हेच श्रेयांक द्यावेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास लागतात. अंकाचे काम करणाऱ्या मुलाचे तास त्याच्या कितीतरी पुढे जातात, आणि शेवटी सगळ्यांना वाचता येईल अशी वस्तू हातात येते.

जुन्या अंकांसाठी तर खर्चही फारसा नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या वार्षिकांकाच्या दोन प्रतींना दाखल क्रमांक द्यावा, एवढे आधी करावे. रबरी शिक्का आणि नोंदवहीतली एक ओळ. त्या एका ओळीमुळे पुढच्या निर्लेखनात तो गठ्ठा टेम्पोत चढू शकणार नाही. एक प्रत विद्यापीठाकडे जावी. शिवाजी विद्यापीठ वार्षिक नियतकालिकांची स्पर्धा घेते, म्हणजे अंक तिथपर्यंत पोचतातच. स्पर्धा संपल्यावर त्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, कायम ठेवाव्यात, त्यांची सूची करावी. पीएच.डी.चे प्रबंध आज 'शोधगंगा'वर कुणालाही घरबसल्या वाचता येतात. त्याच धर्तीवर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे जुने अंक स्कॅन करून ठेवणे अशक्य नाही. स्कॅनिंगचे काम ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. कागद मात्र फेकू नये. जुन्या न्यूजप्रिंटची पाने ठिसूळ होतात हे खरे, पण कोरड्या जागी आडवी ठेवली तर टिकतात. मला मिळालेल्या अंकांत ऐंशीच्या दशकातल्या गुळगुळीत कागदाची पाने ओलीने एकमेकांना चिकटली आहेत, आणि त्याआधीच्या साध्या कागदाची अजून वाचता येतात.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. जुन्या अंकांत मुलींची नावे माहेरच्या आडनावाने आहेत. लग्नानंतर नाव बदलले, गाव बदलले, आणि त्यांच्या लिखाणाचा धागा तुटला. गोंदणावरची कविता लिहिणारी ती मुलगी पुढे कुठे गेली हे शोधायचा मी प्रयत्न केला. अजून पत्ता लागलेला नाही. तिच्याजवळ स्वतःची प्रत असेल याची खात्री देता येत नाही. सासरी जाताना कॉलेजचा अंक बरोबर नेणाऱ्या मुली मला फार माहीत नाहीत. तिच्या नातवंडांना आपली आजी कविता लिहीत होती हे कळायचे असेल तर या अंकाखेरीज दुसरा मार्ग नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. जिल्हा पानावर आठवड्यातून एक पाव रकाना महाविद्यालयांतल्या मुलांच्या कामाला द्यावा. बक्षीस समारंभाची, पाहुण्यांच्या सत्काराची बातमी नको, ती येतेच. एखाद्या मुलाने केलेल्या पाहणीतला एक परिच्छेद, एक कविता, एकांकिकेतला एक प्रवेश, खाली नाव, वर्ग आणि गाव. निवड महाविद्यालयांच्या संपादक मंडळांनी करून पाठवावी, आपण फक्त जागा द्यावी. जून-जुलैत गुणवंतांचे फोटो छापताना पुढे नुसती टक्केवारी न देता त्या मुलाने वर्षभरात आणखी काय केले याची एक ओळ छापता आली तर तेही फार झाले.

मी सोडवून आणलेल्या अंकांची वर्षवार यादी केली आहे आणि संबंधित महाविद्यालयाला पत्राने कळवले आहे. दाखल क्रमांक देऊन ठेवणार असतील तर सगळे अंक विनामूल्य परत करीन. नाहीतर जिल्ह्यातले जे सार्वजनिक वाचनालय तयार असेल त्याच्याकडे सुपूर्द करीन. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराचे अंक मला मिळालेले नाहीत, आणि दुष्काळी कामांवर गेलेल्या विद्यार्थ्यांचे लिखाण त्यांत असणार. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांच्या कागदांत कोणत्याही महाविद्यालयाचे जुने अंक असतील तर दिवाळीच्या साफसफाईत देऊन टाकण्याआधी आपल्या गावच्या वाचनालयात दाखवावेत. माझा पत्ता संपादकांकडे आहे, यादी हवी असेल त्यांनी मागवून घ्यावी.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, तो छापू नये ही विनंती.)